सासूचा पार्ट

मोनानं मोबाइलवरची यादी वाचायला घेतली तेव्हा चौगल्यांच्या सोप्यात सकाळचा दुसरा चहा चालला होता. वडाच्या तालमीला यंदा शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्याबद्दल कुस्त्या झाल्या, रक्तदान झालं, आणि आता गल्लीनं संगीत नाटक करायचं मनावर घेतलं होतं. नाव ठरलं होतं ‘संगीत नथ नको मला’. पार्टांची निवड आज अकरा वाजता तालमीच्या वरच्या हॉलमध्ये होती, आणि नावं घ्यायचं काम मोनाकडं आलं होतं.

“सुनेच्या पार्टाला नऊ नावं आलीत,” ती म्हणाली. “नवऱ्याच्या पार्टाला चार. आणि सासूच्या पार्टाला दोन.”

“दोनच?” तिचा बाप बाळासो बशीत बिस्कीट बुडवत म्हणाला. “बरोबर हाय. सासू व्हायला कोण राजी हुईल?”

“दोन्ही आपल्याच घरातली हाईत,” मोना मान वर न करता म्हणाली. “एक आई. आणि एक आबा.”

संयोगिता दारात गाळणं घेऊन उभी होती. गुरुवारी दुपारी तिनं मोनाला तुळशीपाशी गाठून, कुणाला सांगू नकोस असं तीनदा बजावून नाव घातलं होतं. पोरीनं शब्द पाळला होता. पण दुसरं नाव कुणाचं, हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“कुठले आबा?” मोनाच्या आजीनं, चिमणाबाईंनी विचारलं.

“आपले.”

केरबा चौगले खांबाला टेकून बशीतला चहा फुंकत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण बशी धरलेला हात हलत नव्हता. पहाटे उठून अजून दोन म्हशी ते स्वतः गंगावेशीतल्या कट्ट्यावर नेत आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून देत. त्यांनी चहा संपवला, मिशीवरनं हात फिरवला.

“व्हय. मी दिलंय नाव.”

“तुमी लुगडं नेसणार?” चिमणाबाईंचा आवाज परसात गेला असावा, कारण तिकडं एक म्हैस हंबरली. “ह्या वयात? लोक शेण घालतील की तोंडात.”

“सोळाव्या वर्षी नेसलो तवा कुणी घातलं न्हाई.”

“सोळाव्या वर्षी तुमास्नी ह्या मिशा नव्हत्या.”

“काढतो की मग.”

बाळासोच्या हातातलं बिस्कीट बशीत पडलं. बाप बिनमिशीचा कसा दिसतो, ते त्याला पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं.

केरबांच्या त्या तीन वर्षांची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण कुणी काढत नसे. सोळा ते एकोणीस या वयात त्यांनी तालमीच्या नाटकांतून बायकांची कामं केली होती. गळा होता, अंग लवचीक होतं. मग त्यांच्या पैलवान बापानं एका प्रयोगातून त्यांना दंडाला धरून घरी आणलं, दोन महिन्यांत कोडोलीच्या चिमणाबाईशी लग्न लावलं आणि हातात म्हशीचं दावं दिलं. ते दावं साठ वर्षांत सुटलं नव्हतं.

“संयोगिता जाऊ दे,” चिमणाबाईंनी निकाल दिला. “तिचं वय हाय, गळा हाय. तुमी गप घरात बसा.”

संयोगितानं सासूकडं पाहिलं. या घरात येऊन तिला चोवीस वर्षं झाली होती. आत्ती नवऱ्यापुढं आपली बाजू घेताना ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

“मी काय म्हणतो,” बाळासोनं मधला रस्ता काढला, “दोघांनीबी जाऊ नये. एका घरातली दोन माणसं एका पार्टासाठी भांडाय लागली तर गल्लीला आयतं नाटक मिळंल. तिकीट काढायचीबी गरज न्हाई.”

तिन्ही बायकांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला म्हशींना पाणी दाखवायचं आठवलं.

“आबांनी केलं तर लई भारी हुईल,” मोना म्हणाली. “आई, तुला राग येऊ दे, पर मी आबांच्या बाजूनं हाय.”

केरबा उठले. सुनेच्या समोर येऊन उभे राहिले. “पोरी, तू नाव मागं घे असं मी म्हणत न्हाई. पर मीबी घेणार न्हाई.”

“मी घ्या म्हणालेच न्हाई, मामा,” संयोगिता म्हणाली, आणि आपलाच आवाज इतका सरळ निघाला म्हणून तिला नवल वाटलं. सासऱ्यांशी ती एरवी दाराच्या आडूनच बोलायची.

अकराला दहा मिनिटं असताना सगळं घर तालमीकडं निघालं. पुढं केरबा आणि मोना, मागं संयोगिता आणि चिमणाबाई. बाळासो मोटारसायकल हातानं ढकलत मधोमध चालला होता, कुठल्याच बाजूचा दिसू नये म्हणून. चिमणाबाईंनी इरकली नेसली होती. “मी बघाय येत न्हाई. लक्ष ठेवाय येतीया,” असं त्यांनी निघताना दोनदा सांगितलं.

तालमीत खाली कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीचा वास भरलेला होता. वर जायचा जिना अरुंद, लाकडी. या जिन्यावर बायकामाणसाचं पाऊल पडलेलं गल्लीनं आजवर पाहिलं नव्हतं, आणि आज त्याच्यावर चपलांचा ढीग लागला होता.

हॉलच्या टोकाला टेबलामागं शांभवी बसली होती. नाटक तिनंच लिहिलं होतं, चालीही तिच्याच. शाहूपुरीतल्या व्यापाऱ्याच्या घरची पोर, घरात कानडी बोलणारी, बाहेर गाण्याचे वर्ग घेणारी. तिशीही गाठली नसेल, पण गल्लीतले पैलवान तिच्यासमोर हात मागं बांधून उभे राहत. शेजारी जोतीराम पेटीवर. तो पोस्टातनं निवृत्त झालेला. आधी पेटी वाजवायचा, मग माणसाकडं बघायचा.

आधी नवऱ्याच्या पार्टाची निवड झाली. आदर्श नावाचा शंभर किलोचा पैलवान पुढं आला, पायांची बोटं एकमेकांवर घासत उभा राहिला आणि गायला लागला. त्याच्या एवढ्या छातीतनं शिवणयंत्राच्या दोऱ्याएवढा बारीक, गोड आवाज निघाला. लोक हसले. शांभवी हसली नाही. “बायकोला भिणारा नवरा मला असाच पाहिजे होता,” ती म्हणाली आणि वहीत खूण केली. आदर्श लाजून भिंतीला टेकला.

सुनेच्या पार्टाला नऊ पोरी गाऊन गेल्या. त्यातली मोना आठवी. ती बरी गायली, पण मधेच हसली. शांभवीनं तिचं नाव सुनेच्या मैत्रिणींच्या घोळक्यात लिहिलं. मोनाला वाईट वाटलं नाही. तिचं सगळं लक्ष पुढच्या पार्टावर होतं.

“आता सासू,” शांभवी म्हणाली. “भागूबाई. नाटकातलं सगळ्यात मोठं गाणं हिचं आहे. सुनेला गायला बंदी घालणारी सासू शेवटी एकटी असताना गाते. कोण आधी?”

“वयानं मी मोठा,” केरबा म्हणाले आणि पुढं गेले.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उलगडला आणि डोक्यावर घेतला. नंतर काय झालं ते संयोगिताला नीट सांगता आलं नसतं. मिशा होत्या, धोतर होतं, पायात कट्ट्यावरचं शेण लागलेल्या वहाणा होत्या. पण खांदे उतरले, मान एका बाजूला झाली, एक हात कमरेशी आला, आणि हॉलच्या मधोमध एक म्हातारी बाई उभी राहिली. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

*चुलीपाशी वाढलेली आग माझी मीच विझवली,*
*आता तुझ्या ओठांवरची ठिणगी कशी पाहू गं...*

आवाज फाटलेला होता. वरच्या सुराला जाताना खडी घातलेल्या रस्त्यावरनं गाडी जावी तसा खडखडायचा. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि तिसरी आलीच नाही. केरबा थांबले. जोतीरामनं पेटीवर ती ओळ वाजवून दाखवली. तरीही आली नाही. चौथीही नाही. तरी त्यांनी टॉवेलाचा पदर सोडला नाही. शब्दांच्या जागी नुसता ‘गं’ घेत त्यांनी कडवं पुरं केलं.

“पाठ होत न्हाई आता,” ते टॉवेल काढत म्हणाले. “रातीला येत होतं.”

मग संयोगिता उठली. लग्नाआधी सहा वर्षं ती गाणं शिकली होती. नंतर देवघरातली आरती आणि डोहाळजेवणातली गाणी एवढंच राहिलं. गळा बसला असेल अशी तिला भीती होती. पण डोळे मिटून पहिला सूर लावला आणि तो जिथं लागायला पाहिजे तिथं लागला. जोतीरामनं पेटीवरनं मान वर करून पाहिलं. गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात चिमणाबाईंच्या.

“गळा पक्का आहे, ताई,” शांभवी म्हणाली. “पण तुम्ही बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्यासारख्या उभ्या होता. हात कुठं ठेवायचे तेच कळत नव्हतं तुम्हाला.”

“व्हय,” संयोगिता म्हणाली. खरंच होतं.

शांभवीनं केरबांकडं बघत पेन्सिल वहीवर आपटली. “गळा ताईंचा आणि अंग अज्जांचं. एका माणसात मिळालं असतं तर काम झालं असतं.” “दोघं मिळून एक प्रवेश करा. सून घरात येऊन सांगते की तिला गायला बोलावलंय. सासू नको म्हणते. माझे शब्द नकोत, तुमच्या शब्दांत बोला. आधी अज्जा सासू.”

तो प्रवेश मजेत गेला. केरबांनी सासू अशी रंगवली की पोरं पोट धरून हसली. सुनेला बोलायला जागाच मिळाली नाही. मधे एकदा सासूनं नसलेली तपकीर ओढली आणि शिंकली, तेव्हा जोतीरामनं पेटी थांबवून चष्मा पुसला.

“आता उलट,” शांभवी म्हणाली. “ताई सासू. अज्जा, तुम्ही नवी सून.”

केरबा दारापर्यंत मागं गेले. टॉवेल आता त्यांनी कपाळापर्यंत ओढला होता. तिथनं ते जी पावलं टाकत आले ती नव्या नवरीचीच होती, जोडव्यांचा आवाज होऊ नये म्हणून टाकलेली. हातात एक कागद होता. निवडीला येणाऱ्यांना वाटलेल्या गाण्याचाच तो कागद होता, पण त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

“आत्याबाई,” ते बारीक आवाजात म्हणाले, “पत्र आलंय.”

नाटकात पत्र नव्हतं. शांभवीनं वही चाळली.

“रेडिओवाल्यांचं हाय,” केरबा म्हणाले. “गाण्याच्या परीक्षेला बोलवलंय मला. जाऊ?”

संयोगितानं ते पत्र ओळखलं. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा. माहेरच्या पत्त्यावर आलेलं आकाशवाणीचं पत्र भावानं आणून दिलं होतं, आणि ते घेऊन ती याच माणसासमोर उभी राहिली होती. तो म्हशीला पेंड घालत होता. त्यानं मान वळवून जे सांगितलं होतं, त्यातला एकही शब्द ती विसरली नव्हती. आणि आता तो माणूस नव्या नवरीच्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत उत्तराची वाट पाहत होता.

“आमच्या घरची सून माईकम्होरं उभी ऱ्हात न्हाई,” ती म्हणाली. आपला आवाज तिलाच ओळखू आला नाही. त्यात केरबांची ती पन्नाशीतली जरब होती. “चार लोकांत गाऊन कुणाचं भलं झालंय? मी बघितलंय ते. सांजची धार कोण काढणार? पत्र ठेव जा कुठंतरी.”

हॉल वाट बघत होता. नाटकातली सून भांडखोर होती. आता जोरदार भांडण होणार असं सगळ्यांना वाटलं. केरबांनी कागदाची एक घडी घातली, मग दुसरी. चार पदरी घडी कमरेला खोचली, वरनं एकदा हात फिरवून ती नीट बसली का ते पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले, आणि वळून दाराकडं गेले.

संयोगितानं त्या दिवशी अगदी असंच केलं होतं. घडी, दुसरी घडी, कमरेला. तेव्हा मामांनी परत म्हशीकडं तोंड केलं होतं आणि आपल्याला कुणी बघितलं नाही असंच ती चोवीस वर्षं धरून चालली होती.

हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चिमणाबाईंनी पदरानं नाक पुसलं. बाळासो खाली बघत होता. त्या पत्राचं त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि तेव्हाही तो खालीच बघत होता.

शांभवीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण तिनं वही मिटून बाजूला ठेवली. मग जोतीरामशी हळू आवाजात काहीतरी बोलली आणि उठून उभी राहिली.

“भागूबाई ताई करतील. मघाशी ‘न्हाई’ म्हणताना तुमचे हात कुठं होते ते तुम्हाला माहीत आहे का? कमरेवर. आपोआप गेले.” मग ती केरबांकडं वळली. “अज्जा, मोठं काम तुम्हाला पाठ होणार नाही. खोटं बोलत नाही मी. पण ह्या घरात मी आता एक आजेसासू लिहिणार आहे.”

“म्हंजे सासूची सासू?”

“व्हय, अज्जा.”

“तिला गाणं हाय?”

“दोन ओळी देते.”

“चार द्या,” केरबा म्हणाले. “त्यातल्या दोन मी इसरणारच हाय.”

आता मात्र टाळ्या पडल्या. आदर्श पैलवानानं शिट्टी मारली आणि शांभवीनं बघितल्यावर परत हात मागं बांधले.

“तालीम रोज सहा ते आठ,” शांभवीनं सांगितलं. “दोन महिने. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही.”

“आणि सांजची धार?” बाळासोच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

त्याच्याकडं सगळ्यात आधी चिमणाबाईंनी पाहिलं. मग मोनानं. मग त्याच्या बापानं. संयोगितानं पाहायची गरजच उरली नाही.

“मी काढतो की,” बाळासो म्हणाला. “न्हाई कुठं म्हटलं?”

परत येताना ऊन चढलं होतं. मोना मैत्रिणींबरोबर मागं राहिली होती. बाळासो मोटारसायकलवरनं पुढं निघून गेला होता. संयोगिता चालत होती आणि तिच्या लक्षात आलं की केरबा मुद्दाम सावकाश चालत तिच्या बरोबरीला आलेत. चिमणाबाई दोन पावलं मागं होत्या.

“त्या वक्ताला,” केरबा रस्त्याकडं बघत म्हणाले, “माझ्या बानं मला स्टेजवरनं वढत आणलं ना, तवा सगळी गल्ली हसली हुती. तुलाबी हसतील म्हणून भ्यालो मी. पर ते काय खरं कारण न्हाई. मला मिळालं न्हाई ते घरात दुसऱ्या कुणाला मिळावं असं वाटत नव्हतं, हे खरं.” त्यांनी टॉवेल या खांद्यावरनं त्या खांद्यावर टाकला. “चुकलं माझं.”

‘असू दे, मामा’ हे शब्द तिच्या ओठांवर तयार होते. चोवीस वर्षं या घरात तिनं ते पन्नासदा वापरले होते. सांडलेल्या दुधाला, विसरलेल्या वाढदिवसाला, मुलगी झाली तेव्हा कुणीतरी टाकलेल्या उसाशाला. या वेळी तिनं ते वापरले नाहीत.

“व्हय,” ती म्हणाली. “चुकलं.”

केरबांनी मान डोलावली. कुणीतरी अखेर खरं वजन सांगावं तशी. त्यांचा चेहरा हलका झाला. दोघंही चालत राहिले. बोलायचं राहिलेलं असं काही आता उरलं नव्हतं, आणि त्यामुळं चालायला बरं वाटत होतं.

“मला चालाय शिकवा,” ती मग म्हणाली. “मी खांबासारखी दिसते. सासू कशी चालते ते दावा.”

“आत्ता? हितं रस्त्यात?”

“हितंच. उद्यापास्नं तालीम हाय.”

केरबांनी इकडं तिकडं पाहिलं. गंगावेशीत रविवारची गर्दी होती. कट्ट्यावरचे ओळखीचे दोघं-तिघं पेल्यातलं दूध हातात धरून बघत उभे होते. केरबांनी टॉवेल डोक्यावर घेतला आणि चालून दाखवलं. डावा पाय किंचित जड, उजवा पाय घाईचा. कमरेवरचा हात किल्ल्या सांभाळत असल्यासारखा. हनुवटी वर, म्हणजे सगळा रस्ता आपलाच, आणि तरीही नजर प्रत्येकाच्या दारातल्या वाळवणावर.

संयोगितानं ती चाल ओळखली. ती हसू दाबायला गेली आणि दाबता आलं नाही.

“असं चालते व्हय मी?” मागनं चिमणाबाईंचा आवाज आला.

केरबा टॉवेल डोक्यावर तसाच ठेवून थांबले. साठ वर्षांच्या संसारात ते बायकोला घाबरल्याचं कट्ट्यावर आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“व्हय,” ते म्हणाले. “अशीच चालतीस.”

चिमणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, दूध हातात घेऊन उभ्या असलेल्या लोकांकडं पाहिलं. इरकलीचा पदर सारखा केला, किल्ल्यांवर हात ठेवला.

“मग त्यांचं कशाला बघतीस?” त्या सुनेला म्हणाल्या. “त्यांचा उजवा पाय चुकतोय. माझं बघ.”

आणि त्या पुढं झाल्या. भर रस्त्यातनं, हनुवटी वर करून, नेहमीपेक्षा थोडं सावकाश, मागच्याला नीट दिसावं म्हणून. संयोगितानं कमरेवर हात ठेवला, डावा पाय जड टाकला आणि त्यांच्या मागनं चालायला लागली.